स्वरूपाचा वेग

स्वरूपा मगदूमच्या फोनमधून येणारा आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटायचं, यंत्र बिघडलंय. स्वरूपा जन्मापासून अंध. पडद्यावर जे काही असेल ते तिचा स्क्रीन रीडर तिला वाचून दाखवायचा, पण तो वेग असा की शब्द सुटे कळायचेच नाहीत, नुसती किरकिर ऐकू यायची. शेजारचा माणूस 'हे काय चाललंय' म्हणेपर्यंत हिचं अख्खं पान ऐकून झालेलं असायचं, आणि वर "खाली दिलेल्या फोन नंबरात एक आकडा कमी आहे," हेही सांगून ती मोकळी व्हायची.

ह्या कानांचा तिला गर्व होता. चांगला घसघशीत गर्व होता, आणि का नसावा? टपालानं अर्ज घेणारं शेवटचं कार्यालय बंद होऊन वर्षं लोटली होती. शिपायापासून साहेबापर्यंत कुठलीही नोकरी हवी असली तरी वेबसाइटवरच अर्ज भरायचा, आणि त्या वेबसाइटी बनवणार डोळस माणसं. त्यांच्या बटणांना नावंच नसायची. स्क्रीन रीडर म्हणायचा, बटण, बटण, बटण. त्यातलं 'पुढे जा' कुठलं आणि 'सगळं पुसून टाका' कुठलं हे ज्यानं त्यानं नशिबावर सोडायचं. जन्मतारखेसाठी कॅलेंडर उघडायचं, आणि एकेक महिना मागे ढकलत चालू वर्षापासून आपल्या जन्मापर्यंत चालत जायचं. एवढं करून शेवटी 'चित्रातली वाकडी अक्षरं ओळखा' म्हणून दार तोंडावर आपटायचं ते आपटायचंच.

ह्या सगळ्यातून वाट काढायची कला सांगलीपासून जतपर्यंत एकाच बाईकडे होती. "स्वरूपाताई, फोटो चढत नाही." "स्वरूपाताई, ते बटण सापडेना." दिवसभर फोन वाजायचा. ती करवादायची, "जेवू तरी द्याल की नाही रे," आणि जेवता जेवता एका हातानं कुणाचा तरी अर्ज भरून द्यायची. फोन वाजला नाही तर तिला घास गोड लागायचा नाही, ही आतली गोष्ट.

सांगलीतल्या विश्रामबागेत 'ओसरी' नावाची एक लहानशी कंपनी होती. मिरजेचा तन्वीर बागवान तिचा प्रमुख. त्याच्या अब्बांचे हात कंपवातानं थरथरायचे, त्यांना साधा गॅसचा नंबर लावता यायचा नाही, तेव्हापासून हे खूळ त्याच्या डोक्यात बसलेलं. स्वरूपा तिथे दर वर्षी नव्यानं करार होणारी तपासनीस होती, आणि त्या दोघांच्या डोळ्यांसमोर, म्हणजे एकाच्या डोळ्यांसमोर आणि दुसरीच्या कानांसमोर, 'वाटाड्या' तयार झाला.

वाटाड्याची करामत समजायला सोपी आहे. आतापर्यंतची साधनं पानावर जे लिहिलेलं असेल ते निमूट वाचत. बटणाला नावच दिलेलं नसेल तर साधन बिचारं काय वाचणार? वाटाड्या उलट्या टोकानं सुरुवात करायचा. डोळस माणसाला पान जसं दिसतं तसं तो आधी बघायचा, कुठली चौकट कशासाठी आहे ते समजून घ्यायचा, आणि मग ते पान मोडून समोरच्या माणसाला झेपेल असं नवं पान तिथल्या तिथे रचायचा. अंध माणसाला बोलणारं पान. थरथरत्या हाताला तळव्याएवढी बटणं. बहिऱ्या माणसाला खुणांच्या भाषेत प्रश्न विचारणारी आकृती. गोंधळून जाणाऱ्याला एका वेळी एकच प्रश्न. मूळ वेबसाइटवाल्याला बोट हलवायला लागायचं नाही.

पण माणूस कुठे अडतो, हे यंत्राला कळणार कसं? त्यासाठी स्वरूपा होती. बोटांची हालचाल टिपणारे पातळ हातमोजे, डोक्याला हेडफोन, आणि समोर जगातल्या झाडून सगळ्या टुकार वेबसाइटी. ती कुठे पुढे सरकली, कुठून परत फिरली, कुठे तिचं बोट क्षणभर अडखळलं, हे सगळं वाटाड्या टिपत गेला. इतर मंडळींची भर नंतर पडली, पण पाया तिचा. नोकरीच्या परीक्षा घ्यायलाही तो असाच शिकला. परीक्षेत एक भानगड असते: उमेदवार गप्प झाला की तो विचार करतोय, की उठून कुणाला तरी उत्तर विचारायला गेलाय, हे ओळखावं लागतं. विचार करणारा माणूस कसा गप्प बसतो, हेही वाटाड्यानं स्वरूपाकडूनच उचललं. सगळं झाल्यावर तिनंच त्याची तपासणी केली आणि अंध उमेदवारांसाठी योग्य असल्याचं प्रमाणपत्र आपल्या नावानं दिलं. त्या दिवशी तन्वीरनं सगळ्या ऑफिसला पेढे वाटले होते.

हेमांगी आवटी तिच्या आयुष्यात आली ती ह्याच्या थोडी आधी. ही मिरजेची, एका बँकेत काउंटरवर होती. हसरी आणि अखंड बडबडी. ऐन पस्तिशीत डोळ्यांच्या पडद्याचा आजार लागला आणि दिसायचं हळूहळू बंदच झालं. बँकेनं गुच्छ देऊन घरी पाठवलं. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी स्वरूपाचा नंबर दिला, आणि नवऱ्याच्या स्कूटरवरून हेमांगी विश्रामबागेत येऊन थडकली.

पहिल्या दिवशी तिनं स्क्रीन रीडरचा वेग इतका कमी ठेवला होता की दोन शब्दांच्या मध्ये चहा पिऊन व्हावा. वर एक ओळ ऐकायची, थांबायची, ओठांतल्या ओठांत ती स्वतःला म्हणून दाखवायची आणि मगच पुढे जायची. बँकेत सह्या ताडून बघायची सवय. दोनदा खात्री केल्याशिवाय गाडी पुढे सरकायची नाही.

"अगं बाई, किती वेळ?" स्वरूपा म्हणायची.

"थांब की जरा. पळून चाललंय होय ते पान?"

स्वरूपाला ही शिष्यीण आवडली. शनिवारी हेमांगी जयसिंगपूरचं भडंग घेऊन यायची, आणि दोघी तिखटानं हाशहुश करत बसायच्या. हेमांगी लोकांच्या सह्यांच्या गोष्टी सांगायची. अमक्या गुरुजींची सही कशी कोंबडीनं उकरल्यासारखी होती, तमक्या सावकाराची सही कशी कागदाबाहेर पळायची. स्वरूपानं आयुष्यात कुणाची सही बघितली नव्हती. हे ऐकून ती पोट धरून हसायची. आणि हेमांगी अडली की "सरक, दे इकडे," म्हणत तिच्या हातातून फोन काढून घेताना स्वरूपाला जे सुख व्हायचं, त्याला तोड नव्हती.

मग वाटाड्या बाजारात आला.

एका शनिवारी स्वरूपानं चहा टाकला आणि हेमांगीनं एका शाळेच्या क्लार्कच्या जागेचा अर्ज उघडला. चहा कपात पडायच्या आत हेमांगी म्हणाली, "झाला गं."

"काय झाला?"

"अर्ज. गेला. मी एकटीनं भरला, कुणाला एक शब्द विचारला नाही." तिनं टेबलावर थाप मारली. "स्वरूपा, डोळे गेल्यापासून पहिल्यांदा असं झालंय बघ."

"अरे वा," स्वरूपा म्हणाली, आणि साखर घातलेल्या चहात परत साखर घातली.

तिला हेवा वाटला. त्याला दुसरा शब्द नाही आणि शोधायचं कारणही नाही. ज्या रानातून वाट काढायला हिनं अर्धं आयुष्य घातलं, ते रान काल आलेली बाई गप्पा मारत पार करून गेली. बरं, तिचा हात धरणारा तरी कोण, तर स्वरूपाच्याच कानांनी शिकलेला वाटाड्या. आपल्याच विहिरीचं पाणी, आणि शेजारीण म्हणते बाई किती गोड आहे हो. चहा पिऊन हेमांगी गेली तेव्हा स्वरूपानं उरलेलं भडंग डब्यात न भरता तसंच सादळू दिलं.

हळूहळू तिचा फोन वाजायचा थांबला. आवाज बंद तर नाही ना झाला, म्हणून ती दिवसातून चारदा तपासायची. एकदा तिनंच जतच्या एका मुलीला फोन केला, "काय गं, हल्ली आठवण नाही?" तर ती मुलगी म्हणाली, "ताई, वाटाड्या आहे की आता. तुम्हाला कशाला त्रास?" स्वरूपा म्हणाली, "बरोबर आहे," आणि दिवसभर तोंड फुगवून बसली.

अशातच त्या बँकेची जाहिरात आली. मोठी सहकारी बँक, मुख्य कचेरी सांगलीत, आणि पद 'ग्राहक सुगमता अधिकारी'. बँकेच्या वेबसाइटी, फोनवरची ॲपं, एटीएम हे सगळं अपंग गिऱ्हाइकांना वापरता येतंय की नाही हे बघायचं. जागा एक, पण कायम. दर वर्षी करार संपत आला की तन्वीरच्या आवाजाचा अंदाज घेत बसणाऱ्या स्वरूपाला 'कायम' हा शब्द ऐकून अंगावर काटा आला. दारावर आपल्या नावाची पाटी, आणि तिच्यावर बोटं फिरवून वाचता येतील अशी ब्रेलची अक्षरं. एवढं एक तिला आयुष्याकडून हवं होतं.

"जाहिरात ऐकलीस का?" हेमांगीचा त्याच दुपारी फोन. "मीपण भरतेय. दोघींतली कुणीही लागली तरी पार्टी हं."

"तू?" स्वरूपाच्या तोंडून निघून गेलं. "तुला ह्यातलं काय येतं?"

हेमांगी हसली. "बँकेतलं येतं की. बाकीचं तू शिकवलंस."

हेच तर दुखत होतं. हेमांगीला बँक आतून माहीत होती. शिवाय ती बोलणाऱ्याकडे चेहरा वळवून बोलायची; डोळे असतानाची सवय, ती गेली नव्हती. मुलाखती घेणाऱ्या डोळस माणसांना ते फार आवडतं. स्वरूपाचा चेहरा बोलताना खाली तरी असायचा नाहीतर भलतीकडे, आणि हे तिला शाळेपासून सगळ्यांनी ऐकवून ऐकवून नकोसं केलं होतं. अर्जात तिनं पहिल्याच ओळीत लिहिलं, 'वाटाड्या ह्या प्रणालीची तपासनीस व प्रमाणपत्र देणारी'. म्हटलं, ह्याला हेमांगीकडे काय उत्तर आहे ते बघू.

अर्जानंतर वाटाड्यावरच परीक्षा होती. दोनदा सराव करायला मिळायचा, मग एकदाच खरी परीक्षा, आणि शुक्रवारी संध्याकाळी मुदत संपून परीक्षेची खिडकी बंद. परीक्षा अर्धवट राहिली तर उमेदवार बाद. स्वरूपानं सरावाच्या भानगडीत न पडता थेट खरी परीक्षा दिली आणि हात झटकून उठली.

बुधवारी दुपारी ती डबा उघडत होती तोच हेमांगीचा फोन आला. नेहमीची बडबड नव्हती.

"दोन्ही सराव वाया गेले गं. मध्येच बाहेर काढतोय मला."

"काय म्हणतो?"

"म्हणतो, 'आपण इथे नाही असं धरून परीक्षा बंद करत आहोत.' मी म्हटलं, अरे बाबा, मी इथेच आहे, खुर्चीतच आहे. पण ऐकतोय कुठं?" ती जरा थांबली. "माझंच काहीतरी चुकत असणार. तू तर तपासलायस ना त्याला."

स्वरूपाचा हात डब्याच्या झाकणावर तसाच राहिला. काय झालं ते तिला तिथल्या तिथे कळलं. ते वाक्य वाटाड्यात आहे हे तिला माहीत होतं, पण इतक्या वर्षांत त्यानं ते तिला एकदाही ऐकवलं नव्हतं. ती कधी थांबायचीच नाही. तिचा लांबात लांब विचार एका श्वासात संपायचा. वाटाड्यानं तेच माप धरलं होतं. त्या मापापेक्षा जास्त वेळ गप्प राहिलेला माणूस त्याच्या लेखी उठून गेलेला माणूस. आणि हेमांगी तर प्रत्येक ओळीला थांबून, ओठांतल्या ओठांत म्हणून, मगच पुढे जाणारी.

एक वाक्य बोलायचं होतं: अगं, चूक तुझी नाही.

"सराव कमी पडतोय तुझा," स्वरूपा म्हणाली. "वेग वाढव."

"किती वाढवू?"

"माझ्याइतका."

"तुझ्याइतका ह्या जन्मात व्हायचा नाही." हेमांगी कसनुसं हसली. "बरं, बघते. परवा संध्याकाळपर्यंत वेळ आहे अजून. थँक्यू गं."

फोन ठेवल्यावर स्वरूपाला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं. तिनं पोळीभाजी चवीनं खाल्ली, वरून ताक प्यायली. ते 'थँक्यू गं' मात्र ताकाबरोबर खाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात गेल्या गेल्या तिनं तन्वीरला विचारलं, "परीक्षा अर्ध्यावर सुटलेले किती असतील रे?"

"तक्रारी म्हणताय? एकही नाही, ताई."

"तक्रारी नाही विचारल्या. सुटलेले."

तन्वीरनं कळा दाबल्याचा आवाज आला. "आहेत की बरेच. खूप आहेत. पण ते स्वतःहून सोडून गेलेत, वाटाड्यानं तशी नोंद केलीय."

"एखाद्याची शेवटची नोंद वाच बघू."

इस्लामपूरचा कुणी उमेदवार होता. प्रश्न ऐकला, परत एकदा ऐकला, मग शांतता, मग परीक्षा बंद. दुसऱ्या एका भरतीत परत तसंच. तिसरीकडे त्यानं अर्जच केला नव्हता. पुढची एक बाई बहिरी, खुणांनी उत्तर देणारी. तिनं हात वर उचलून नुसते धरले होते तेवढ्यात तिला बाहेर काढलं होतं. तन्वीर वाचत गेला आणि त्याचा आवाज बारीक होत गेला. ह्यातल्या कुणीही तक्रार केली नव्हती. करणार तरी कोण? ज्याला त्याला हेमांगीसारखंच वाटलं होतं, की खोट आपल्यातच आहे.

"मला सरावाची परीक्षा लावून दे," स्वरूपा म्हणाली.

तिनं हेडफोन चढवला आणि आवाजाचा वेग हेमांगीच्या वेगावर आणला. तो वेग तिला चांगला पाठ होता, कितीतरी शनिवार त्याच्यावर चिडण्यात गेले होते. पहिला प्रश्न आला. शब्द एकेक करून येत होते आणि तिच्या अंगाला मुंग्या येत होत्या. प्रश्न संपला. ती थांबली, हेमांगीसारखे ओठ हलवत तो प्रश्न स्वतःला म्हणू लागली. अर्ध्यावर आली असेल नसेल, तोच कानात तो शांत, सभ्य आवाज आला. आपण इथे नाही असं धरून परीक्षा बंद करत आहोत.

"मी इथेच आहे," स्वरूपा मोठ्यानं म्हणाली.

तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"हा माझ्याकडून शिकला, तन्वीर. मी कधी थांबत नाही. थांबलेला माणूस ह्यानं बघितलेलाच नाही."

"पण तपासलंत तर तुम्हीच."

"मीच तपासलं. माझ्याच कानांनी, माझ्याच वेगानं. मला तो कशाला बाहेर काढेल?"

तन्वीरनं खुर्ची जवळ ओढली. त्यानं सांगितलं ते असं. वाटाड्याला नव्यानं शिकवायला काही आठवडे लागणार. तोवर चालू परीक्षा थांबवायचा एकच मार्ग, दिलेलं प्रमाणपत्र मागे घ्यायचं. ते मागे घेतलं की वाटाड्यावर परीक्षा घेणाऱ्या सगळ्यांना मुदत लांबवावी लागेल, बँकेलासुद्धा.

"पण ताई, तुमच्या अर्जात पहिल्याच ओळीत ते प्रमाणपत्र आहे."

"माहीत आहे."

"उद्या शुक्रवार. खिडकी बंद होऊ दे, सोमवारी मागे घेऊ. तुमच्या अर्जाला धक्का लागणार नाही. कुणी विचारणार पण नाही."

तन्वीर वाईट माणूस नव्हता. तिच्या दर वर्षीच्या कराराची त्यालाही लाज वाटायची. स्वरूपानं टेबलाची कड बोटांनी चाचपली. तिच्या पोटातला हेवा तसूभर कमी झाला नव्हता, हे इथे सांगून ठेवायला हवं. हेमांगीनं हरावं असं तिला अजूनही वाटत होतं. पण हेमांगीला हरवायचं तर आपण हरवावं, समोरासमोर, आपल्या अकलेनं. आपलं नाव लावलेल्या एका डब्यानं तिला 'तू इथे नाहीसच' असं सांगून हाकलून द्यावं, हे तिला सोसेना. इस्लामपूरचा तो पोरगा परत अर्ज करायचाच थांबला होता, हेही मनातून जाईना.

"आत्ता मागे घे," ती म्हणाली. "माझ्या आवाजात नोंद कर. कारण मी सांगते ते जसंच्या तसं टाक."

हेमांगीला तिनं संध्याकाळी फोन केला. वाटाड्यातली चूक सांगितली, परीक्षा पुढे गेल्याचं सांगितलं. इथवर सोपं होतं.

"आणि मला हे कालच कळलं होतं. तू फोन केलास तेव्हाच. तुझी चूक नव्हती. मी मुद्दाम बोलले नाही."

पलीकडून काहीच आवाज नाही. स्वरूपाला वाटलं, फोन ठेवला.

"हेमांगी? आहेस ना?"

"आहे." बऱ्याच वेळानं उत्तर आलं. "मी थांबले की सगळ्यांना वाटतं मी गेले. तुलासुद्धा?"

स्वरूपानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"का केलंस असं?"

"जळत होते तुझ्यावर. अजूनही जळते."

"आत्ता मी काही बोलत नाही," हेमांगी म्हणाली. "बोलले तर फार वाईट बोलेन." आणि मग खरोखरच फोन ठेवला.

बँकेनं परीक्षा दुसऱ्या पद्धतीनं घेतली. समोर माणूस बसवला आणि त्यानं तोंडी प्रश्न विचारले, उत्तराला पाहिजे तेवढा वेळ दिला. मुलाखतीत स्वरूपाला पहिला प्रश्न मागे घेतलेल्या प्रमाणपत्राचाच आला. तिनं खरं ते सांगितलं, आणि समोरच्यांचे 'हं, हं' ऐकून आपण बाद झालो हेही ओळखलं. जागा हेमांगीला मिळाली. बातमी तन्वीरनं दिली. स्वरूपानं "छान झालं" म्हटलं, घरी जाऊन दार लावलं आणि मनसोक्त जळून घेतलं. तिला ती ब्रेलची पाटी सारखी बोटांखाली लागत होती, आणि तिच्यावर आवटी लिहिलेलं होतं. भवानी कुठली, म्हणून तिनं हेमांगीला दोनचार शिव्याही घातल्या.

शनिवार भडंगाशिवाय जात राहिले.

वाटाड्याला नव्यानं शिकवायचं काम निघालं तेव्हा तन्वीरनं इस्लामपूरच्या त्या पोराला बोलावलं, खुणांनी बोलणाऱ्या बाईला बोलावलं, आणि अडखळत स्वरूपाला म्हणाला, "हेमांगीताईंना पण विचारलंय मी. चालेल ना?"

म्हणजे ज्या यंत्रात अजूनपर्यंत हिचे कान होते, तिथेही आता हेमांगी. स्वरूपा म्हणाली, "न चालून कुणाला सांगते?"

हेमांगी आली. नोकरीवर रुजू झाली होती, बँकेतून थेट आली होती. खुर्ची चाचपून बसली आणि म्हणाली, "तुझ्यासाठी नाही आलेय मी."

"माहीत आहे."

"त्या बाकीच्यांसाठी आलेय."

"बरं. मोजे घाल. डावा आधी."

काम सुरू झालं. बाहेर काढायचं ते वाक्य तन्वीरनं आधीच बदलून घेतलं होतं. स्वरूपाला शेजारी बसून दोघांवर, बाईवर आणि यंत्रावर, कान ठेवायचा होता, म्हणून एक हेडफोन तिच्याही डोक्यावर. प्रश्न आला, तोच रेंगाळणारा वेग. तो अर्ध्यावर असतानाच स्वरूपाला उत्तर आलं होतं. हेमांगीनं ऐकलं आणि ती थांबली. ओठ हलल्याची बारीक फुसफुस. मग ती फुसफुसही थांबली. स्वरूपाची बोटं शिवशिवू लागली. 'सरक, दे इकडे' हे शब्द अगदी दातांपर्यंत आले होते, ते तिनं गिळले. शांतता लांबत चालली. जुना वाटाड्या एव्हाना दार लावून मोकळा झाला असता.

"सावकाश होऊ दे," नवा वाटाड्या म्हणाला. "मी थांबलोय."

हेमांगीनं श्वास सोडला आणि उत्तर दिलं. बरोबर दिलं. पुढचा प्रश्न, परत तसंच. तास दीड तास हे चाललं, आणि त्या सगळ्या वेळात स्वरूपाच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. ह्याला बोलायला शिकवलं आपण, रात्रंदिवस मोजे घालून बोटं आपली आखडली, आणि हा आपल्याला असं कधी म्हणाला नाही. तो तर राहू दे, घरात, शाळेत, वसतिगृहात, कुठेच तिला कुणी 'सावकाश' म्हटलं नव्हतं. 'आटप', 'उरक', 'मागे रांग लागलीय' हेच ऐकत ती मोठी झाली आणि वेग वाढवत गेली. तिला हेमांगीच्या नोकरीचाही वाटला नव्हता इतका हेवा त्या दोन वाक्यांचा वाटला.

काम संपलं. हेमांगीनं मोजे काढून टेबलावर ठेवले. पिशवीत हात घातल्याचा आवाज आला, मग कागदी पुडी सुटल्याचा, आणि मिरची-लसणाचा वास आला.

"काय झालं?" हेमांगीनं विचारलं. आवाज अजून कोरडाच होता. "मघापासून गप्प आहेस. तू आणि गप्प?"

"काही नाही." मग स्वरूपा म्हणाली, "मला लावून बघू दे एकदा. मोजे दे."

"तुला कशाला? तुला सगळी उत्तरं येतात."

"दे तर."

हेमांगीनं मोजे तिच्या हातात दिले. स्वरूपानं ते चढवले, वेग होता तसाच ठेवला. प्रश्न आला, एकेक शब्द करत संपला. उत्तर तिला केव्हाच आलं होतं. तिनं ते दिलं नाही. हात मांडीवर ठेवून ती नुसती बसून राहिली. शेजारी हेमांगी भडंग खात होती, तीही काही बोलली नाही. बऱ्याच वेळानं तो आवाज आला, सावकाश होऊ दे, मी थांबलोय. स्वरूपानं मान हलवली, आणि तरीही उत्तर दिलं नाही.